ओढ्याकडचं गेट

आमच्याकडं गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसेल, त्यानं गेट उघडायचं. हे कुणी शिकवत नाही. पोराचा हात साखळीपर्यंत पोचायला लागला की त्याला खाली ढकलतात. नवी सून आली की तिलाही. लग्न होऊन मी या टेकडीवर आले, त्याच आठवड्यात सासऱ्यानं मला शेत दाखवायला यूटमध्ये, मागं उघडा हौदा असलेल्या गाडीत, शेजारी बसवलं. पहिल्या गेटापाशी गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवून समोर बघत राहिला. मी आपली गजरे माळल्यासारखी बसून. शेवटी तो म्हणाला, "त्ये आपसूक उघडत न्हाई, पोरी."

तेव्हापासून मी उतरतेच आहे.

सासऱ्याचं नाव क्लॅरी. पोरं त्याला डॅड म्हणतात, बाकी सगळा गाव पॉप. आता वयानं वाकलाय, डोळ्यांमुळं लायसन काढून घेतलंय, पण शेतात कुठला आलाय पोलीस? तेव्हा यूट अजून तोच चालवतो. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या या गिप्सलँडच्या चिखलात ती यूट अशी डुलत जाते की शेजारी बसणाऱ्याचा घास वर येतो. गेटाशी उतरलं की गमबूट नडगीपर्यंत आत जातो, साखळी गारठलेली असते, आणि मागं काचेआड पॉप, उबेत, वायपर चालू.

माझा नवरा नोएल म्हणजे त्याचा थोरला लेक. पॉपची पाठ धरली त्या साली नोएलनं शाळा सोडली, ती सोडलीच. सकाळी गायी, संध्याकाळी गायी. पगार म्हणून कधी काही हातावर पडलं नाही. जेवण, पेट्रोल, आणि टेकडीखालचं हे पत्र्याचं घर, तेही पॉपच्याच नावावर. आज पॉपनं "चालते व्हा" म्हटलं तर आमच्या मालकीची दोन कुत्री आणि एक शिवणयंत्र घेऊन आम्ही रस्त्यावर उभे. नोएलला विचारलं तर म्हणायचा, "डॅडनं शब्द दिलाय." काय शब्द, कधी दिला, ते मात्र सांगायचा नाही. बाईनं ठेवणीतला दागिना पदराआड धरावा तसा धरून बसायचा.

सासूबाई होत्या तोवर हा विषय झाकून राहिला. त्या गेल्या आणि शहरातली नणंद बेव आणि उत्तरेला खाणीत काम करणारा दीर डॅरिल दर सुटीला यायला लागले. दोघं वाईट नाहीत. बेव येताना माझ्यासाठी चांगला साबण आणते. पण जेवणं झाली की ती चमचा खाली ठेवून म्हणायची, "डॅड, शेताचं काय ठरवलंयस?"

आणि पॉप खिडकीबाहेर बघायचा. कारण बोलणं रंगात आलं की दुधाची वेळ झालेलीच असायची. गायी गेटाशी जमून हंबरायला लागायच्या. पॉप टोपी चढवायचा. "गायी काय तुमच्यासाटी सड आवळून बसनार हायत का?" की निघाला. बिचाऱ्या गायींना कल्पना नव्हती की हा माणूस वर्षभर त्यांच्या शेपटीआड लपून बसलाय.

पण मीही याच घरात मुरलेली. जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, आमच्याकडं गायी आटवतात. वासरं पडेपर्यंत धारा नाहीत, शेड धुवून कोरडी, दुधाचं यंत्र गप्प. वर्षातले तेवढेच दिवस असे की दुपारी या घरातून कुणालाच पळता येत नाही. मी बेवला फोन केला, "यायचं तर आत्ता ये. डॅरिललाबी घिऊन ये."

माझंही एक घाईचं होतं. किनाऱ्याकडं माझी बहीण ग्वेन पर्यटकांसाठी खोल्या चालवते. तिनं आम्हा दोघांना कामाला बोलावलं होतं, महिन्याचा पगार, वर राहायला दोन खोल्या, खिडकीतून समुद्र. रविवारपर्यंत हो-नाही कळव म्हणाली. त्या रात्री अंथरुणात नोएल छताकडं बघत म्हणाला, "या बैठकीत डॅड सरळ बोलला तर ऱ्हायचं. न्हाई बोलला तर जायचं. मी शब्द देतो." आणि नोएलचा शब्द म्हणजे खांब. वाकत नाही, म्हणून तर आमची ही गत.

तर शनिवारी सगळे टेबलाभोवती. बाहेर बारीक, तिरका पाऊस. मी मटण भाजलं होतं. स्कोन, म्हणजे गरम गोडसर पाव, होते, सासूबाईंच्या हातच्या जॅमची शेवटची बाटली फोडली होती. पॉपनं सवयीनं खिडकीकडं पाहिलं. बाहेर एक गाय हंबरेना.

"डॅड," बेव म्हणाली, "आज तुला कुठं जायचं नाही."

"मी मेल्यावर काय त्ये भांडा. मला ऐकाय येनार न्हाई."

"तुला आत्ताही येत नाही. यंत्र कानात घाल आधी."

पॉपनं कानातलं यंत्र मघाशीच काढून बशीत ठेवलं होतं, मटणाच्या हाडाशेजारी. मी ते पुसून त्याच्या हातात दिलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच त्याला पोलिसात दिलं.

"विकायचं आणि तीन सारखे वाटे," बेव म्हणाली. "मला यात काही वाईट दिसत नाही."

"मानूस जित्ता हाय अजून, बेव," डॅरिल म्हणाला.

"म्हणून तर त्यालाच विचारते. मेल्यावर कुणाला विचारू?"

"आनि नोएल आनि लॉर्नानं कुटं जायचं?" डॅरिलनं माझ्याकडं बोट केलं.

"मी त्यांना घालवते का? पण एक सांगते. मी हे उगाच मागत नाही. डॅडनं मला शब्द दिलाय."

नोएलचा स्कोनवर लोणी लावणारा हात थांबला.

"माझं पहिलं लग्न मोडलं," बेव सांगत होती, "आणि मी तो हिवाळा इथं येऊन राहिले. आठवतंय? मी दिवसभर रडायचे, आणि डॅड मला यूटमध्ये घालून नुसता फिरवायचा. एकदा ओढ्याकडच्या गेटाशी मी साखळी लावून परत आत बसले, तर म्हणाला, हे समदं एक दिवस तुझंच हाय. रडू नगं."

डॅरिलनं कप खाली ठेवला. "कंच्या गेटाशी?"

"ओढ्याकडच्या."

"आयला," डॅरिल म्हणाला, आणि हसायला लागला. हसू चांगलं नव्हतं. "मी खानीत निघालो त्याच्या आदल्या दिवशी. त्याच गेटाशी. म्हनला, जा, पन ध्येनात ठेव, हे समदं एक दिवस तुझंच हाय. म्या त्या भुयारात खाली बसून त्येच म्हनायचो रं, सारखं."

सगळ्यांच्या माना हळूहळू नोएलकडं वळल्या. माझीही. इतक्या वर्षांनी मला कळणार होतं, नवऱ्यानं पदराआड काय धरलं होतं.

नोएल लोणी लावलेल्या स्कोनकडं बघत होता. "शाळा सोडली त्या दिशी," तो म्हणाला. "पाऊस व्हता. साखळी निघंना, हात गारठले व्हते. आत येऊन बसलो तर..." त्यानं पुढचं सांगितलं नाही. सांगायची गरजच राहिली नव्हती. मग अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं व्हतं, त्ये फकस्त माझं हाय."

तो शेताबद्दल बोलत नव्हता. हे त्या टेबलावर मला एकटीलाच कळलं असेल.

"डॅड!" बेव उभी राहिली. "एकच शेत तिघांना? तू काय मिठाई वाटत होतास?"

पॉप टेबलावरचे चुरे बोटानं गोळा करत होता. "खोटं न्हाई बोललो मी."

"मग खरं काय बोललास?"

"तुमी गाडीत न्हाई बसला कंदी माझ्या जागंवर." त्यानं चुरे बशीत टाकले. "काचंतनं बघायचं. पोर पावसात उभं. साखळीशी झटतंय. गाडी जाऊस्तवर गेट धरून ऱ्हातंय. मग पुन्ना लावतंय, आनि पळत येतंय गाडीकडं. माझ्याकडं. तवा..." त्यानं बशी दूर सारली. "तवा समदं द्यावंसं वाटतं. ज्याला बोललो, त्या येळंला त्यालाच द्यायचं व्हतं. अगदी मनापास्नं."

बेव खाली बसली. तिचे डोळे भरले होते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता.

तेव्हा मीच बोलले. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. "पॉप, असलं गेटाशी बोलायचं नसतं. टेबलावर बोलायचं असतं. समद्यांसमोर. आता बोला, काय करायचं ते."

तो सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत राहिला. थोरला, पोरगी, धाकटा. एकाला द्यायचं म्हणजे दोघांकडून हिसकावायचं, आणि ते काही या म्हाताऱ्याच्यानं आयुष्यात झालं नव्हतं. मग त्यानं टोपी घेतली.

"वरच्या कुरनात ती लाल कालवड अवघडल्यावानी करत व्हती. येळंआदी व्यायली तर चिखलात मरंल वासरू." दाराकडं निघालाच. "चल गं लॉर्ना. गेटाला."

एवढ्या गायी मी आटवल्या, आणि नेमकी एक कालवड राहिली!

मी नोएलकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, एकदाच. म्हणजे, झालं. ग्वेनला फोन करायचा.

मी गमबूट चढवले आणि पावसात बाहेर आले. पॉप अजून पायरी उतरत होता. मी यूटपाशी गेले आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसले. किल्ली गाडीतच असते आमच्याकडं. पॉप दाराशी येऊन थांबला. पाणी टोपीवरून गळत होतं.

"सरक की."

"लायसन न्हाई तुम्हाला."

तो बॉनेट धरत धरत वळसा घालून शेजारी येऊन बसला. ओढ्याकडचं गेट आलं. मी गाडी थांबवली आणि समोर बघत राहिले. इंजिन चालू, वायपर चालू.

"गेट, पॉप."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नाही पाहिलं. दार उघडलं, थंड वारा आत आला, दार लागलं.

मनात म्हटलं, बघ आता. किती वर्षं आम्ही चिखलात उतरलो, बघ.

काचेतून तो दिसत होता. एवढासा. पाठ वाकलेली, सासूबाईंनी विणलेला स्वेटर भिजून लोंबणारा. साखळी निघेना. त्यानं बोटं तोंडाशी धरून फुंकर मारली, पुन्हा झटला. निघाली. गेट अंगानं रेटत नेलं आणि धरून उभा राहिला, निलगिरीच्या वाकल्या खोडासारखा, पावसात. मी गाडी पुढं घेतली. आरशात तो गेट लावत होता. मग वळला आणि यायला लागला. पळता येत नव्हतं त्याला. पण घाई करत होता. माझ्याकडं येत होता.

मेलं, मी हात लांबवून त्याच्या बाजूचं दार आतून उघडलं.

मी दात घट्ट दाबून धरले. ग्वेनच्या त्या दोन खोल्या डोळ्यांपुढं आणल्या, खिडकी आणली, समुद्र आणला. तो आत बसला. ओल्या लोकरीचा आणि गायीचा वास. गारठलेले हात त्यानं मांड्यांत दाबले. आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं,

"आमी कुटं जात न्हाई, पॉप. तुम्हाला सोडून."

अगदी मनापासून म्हणाले मी. देवाशपथ.

पॉप काचेबाहेर बघत राहिला. मग नाक पुसत म्हणाला, "असलं गेटाशी बोलायचं नसतं, लॉर्ना. टेबलावर बोलायचं असतं."

मी गियर टाकला. वरच्या कुरणाचं गेट दिसायला लागलं तेव्हा त्याचा हात आधीच दाराच्या मुठीवर होता.