आईला इंग्रजी येत नाही

पावाच्या कडा कापून टाकलेलं काकडीचं सँडविच.

नागपूरच्या महापालिकेच्या शाळेतला फळा. त्यावर सुबक अक्षरात इंग्रजी क्रियापदांची रूपं.

अंगठ्यात रुतलेला काटा, आणि तो अंगठा खिशात.

एक गोरी आजी, मोठ्या आवाजात, शब्दाशब्दावर थांबत : "तुम्हाला. गुलाब. आवडतात?"

गाडीत एसीचा आवाज. त्यावर एकटीचंच हसू.

हे सगळं जुलैतल्या एकाच रविवारचं, फळा सोडून. फळा जुना. पण त्या दिवशी तोही तिथंच कुठंतरी उभा होता, असं राकेशला वाटत राहिलं.

तर सांगायचं ते असं.

राकेश अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला राहतो. सॉफ्टवेअर. त्याचा मॅनेजर ग्रेग, आणि ग्रेगच्या आईची, डोरोथीची, गावाबाहेर बाग. डोरोथी लहानपणी इंग्लंडहून आलेली. तिकडे घरामागे होती तशीच बाग तिनं मिनेसोटाच्या बर्फाशी भांडत उभी केली. वर्षातून एक दिवस ती लोकांसाठी उघडी असते. ग्रेगनं टीममधल्या सगळ्यांना बोलावलं आणि राकेशला मुद्दाम सांगितलं, "तुझी आई आलीय ना? तिला आण." राकेशची ग्रीन कार्डची फाईल अजून रांगेत, आणि ग्रेग हा कामाच्या बाहेर नावानं हाक मारणारा एकमेव माणूस. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

बाग बघताना राकेशची आई, रमाबाई, पावलापावलाला थांबत होती. निळ्या फुलांचे माणसाएवढे तुरे. त्यांच्या पायाशी लव्हेंडर. दगडी वाट, वाटेवर शेवाळ, आणि झाडं एकमेकांच्या अंगावर रेललेली, जणू कुणी लावलीच नाहीत.

"हे तर गुलखैरा," ती एका उंच झाडापाशी थांबून म्हणाली. "आपल्या शाळेच्या कुंपणाला होतं. इथं काय ऐट आहे त्याची." मग वाकून खाली बघितलं. "अन् हे बघ. वाटतं कसं, आपोआप उगवलंय. आतून एकेकाला काडी लावून बांधलंय."

"आई, पाठ दुखेल. सरळ उभी राहा."

"तुझ्यासारखी खुर्चीत बसून नाही झाली माझी पाठ."

राकेशची बायको जागृती चहाच्या मांडवात टेबल धरायला पुढे गेली. मायलेक गुलाबाच्या कमानीपाशी राहिले. फिका गुलाबी, भरगच्च, जुन्या वासाचा. राकेशनं नाक लावलं आणि त्याला नागपूरचा मोहल्ला आठवला. तिथल्या प्रत्येक अंगणातला गुलाब दुसऱ्या कुणाच्या अंगणातून आलेला. मागून आणलेली फांदी रुसते आणि न विचारता आणलेली लागते, असं सगळेच मानायचे. शिकलेलेसुद्धा, हसत हसत का होईना. राकेशच्या मागच्या अंगणात दुकानातून आणलेले गुलाब दर हिवाळ्यात मरत होते.

त्यानं इकडेतिकडे बघितलं. आईकडे नाही बघितलं. एक कोवळी फांदी धरून खाली ओढली.

फांदी तुटली नाही. ती सालीसकट सोलत गेली, मुख्य खोड चिरलं, वरचा बांध सुटला आणि कमानीची एक अख्खी बाजू खाली आली.

"काहून केलं रे हे?" आई हळूच म्हणाली. आणि पुढे होऊन तिनं ते चिरलेलं खोड दोन्ही हातांनी धरलं, पोराचा मोडलेला हात धरावा तसं. लोंबकळणारी फांदीही तिनंच सावरली.

तेवढ्यात वळणावरून डोरोथी आली. मागे ग्रेग.

"ओ डिअर," डोरोथी म्हणाली.

ग्रेगनं फांदीकडे बघितलं, आईच्या हातांकडे बघितलं, मग राकेशकडे.

राकेश इंग्रजीत म्हणाला, "आय ॲम सो सॉरी. माझी आई. आमच्याकडे फुलं अशीच तोडतात. तिला इंग्रजी येत नाही, तिला पाटी वाचता आली नाही."

(यात सॉरी तेवढं खरं. बाकी काहीही नाही.)

इथं फळा.

रमाबाईंनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मोहल्ल्यात इंग्रजीत अर्ज लिहिणारी पहिली मुलगी त्या. परदेशी युनिव्हर्सिटीला पाठवायचा राकेशचा पहिला निबंध त्यांनी लाल पेनानं असा तपासला होता की त्याला रडू आलं होतं. हातातल्या फांदीपासून वीतभर अंतरावर पाटी होती. "प्लीज डू नॉट टच." राकेशचे कान तापले. आता आई तोंड उघडेल, तिच्या त्या स्वच्छ, वर्गातल्या इंग्रजीत. तो वाट बघत होता. खरं तर त्याला तेच हवं होतं.

आईनं त्याच्याकडे बघितलं. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाकडे बघावं, तेवढंच. मग खोड ग्रेगच्या हातात देऊन डोरोथीपुढे हात जोडले.

"माफ करा बाई," ती मराठीत म्हणाली. "चुकलं." आणि राकेशकडे वळून, "काय म्हणताहेत त्या? सांग ना मला."

मग त्याला सांगावं लागलं. डोरोथी बोलायची, तो भाषांतर करायचा, आई मान डोलवायची. डोरोथी आईकडे झुकून मोठ्यानं विचारायची, "तुम्हाला. गुलाब. आवडतात?" आई त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची. तो मराठीत विचारायचा. आई म्हणायची, "हो म्हणावं. फार." शाळेत भाषांतराच्या प्रश्नात त्याचे मार्क जायचे. इथं एकही गेला नाही.

डोरोथी हसली. "सांग तिला, मला राग नाही आला. माझी आई कुणाच्याही बागेत गेली की पर्समध्ये छोटी कात्री घेऊन जायची. अर्धी बाग तशीच आलीय. हा गुलाबसुद्धा."

हेही त्यानं आईला मराठीत सांगितलं. सांगता सांगता कळलं, की खरं बोललो असतो तर आत्ता सगळे हसत असते. डोरोथीनं तुटकी फांदी छाटली, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि आईच्या हातात दिली. ग्रेगनं राकेशच्या खांद्यावर थाप मारली. "रिलॅक्स, मॅन. इट्स अ प्लांट." राकेशचा रक्ताळलेला अंगठा खिशातच होता.

मांडवात जागृतीनं सँडविच पुढे केली. मिठाचा पत्ता नव्हता. आईनं दोन खाल्ली.

परतताना जागृतीला राहवेना. "आई, ग्रेग सांगत होता. खरंच तुम्ही तोडली फांदी? आम्हाला तर तुम्ही पार्किंगमध्ये कागद टाकू देत नाही."

"राहवलं नाही गं."

"आणि तो म्हणतो, तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून. मी सांगणार होते, तर तुम्ही डोळे वटारलेत. ते काय होतं?"

"थट्टा. आयुष्यभर इंग्रजी बोलले, एक दिवस सुट्टी घेतली."

"कमाल आहे यार तुमची." जागृती खूप हसली. "राकेश, तू का गप्प?"

"एक्झिट बघतोय."

हायवे सोडायच्या एक्झिटला अजून बराच वेळ होता.

संध्याकाळी आई डेकवर बसली होती. फांदी काचेच्या ग्लासात. राकेश शेजारी येऊन बसला.

"उद्या ग्रेगला सांगतो."

"काय?"

"की मीच तोडली."

"सांग. हसेल अन् सोडून देईल." आईनं ग्लास सरळ केला. "अन् ते दुसरं, माझ्या इंग्रजीचं, कसं सांगशील?"

राकेश अंगठ्यातला काटा नखानं उकरत राहिला.

"सोपं असतं ते, भाषा न येणं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मान जराशी खाली ठेवायची. चेहऱ्यावर हसू. अन् समोरचा काय बोलतो त्याऐवजी त्याच्या हातांकडे बघायचं. माझी आई तहसील कचेरीत तशी उभी राहायची. मी शेजारी, सात-आठ वर्षांची. साहेब मला विचारायचा, मी तिला सांगायची. तिच्याकडे बघून शिकले होते. आज करून बघितलं. जमलं."

"आई."

"डास यायला लागले. आत चल."

सोमवारी ऑनलाइन मीटिंग सुरू होण्याआधी ग्रेगनं विचारलं, आई कशी आहे. राकेशनं माईक सुरू केला. घरात, पलीकडच्या खोलीत, आई फोनवर तिच्या भावाशी बोलत होती. आधी जयभीम, मग बागेचं कौतुक, गुलखैरा, दगडी वाट, बिनमिठाचं सँडविच. फांदीबद्दल ती काही बोलते का, हे तो कान देऊन ऐकत राहिला. ती बोलली नाही.

"मजेत आहे," राकेश म्हणाला.

"तिला माझा नमस्कार सांग. तू ट्रान्सलेट करशीलच."

"करतो."

रविवारी सकाळी निघताना आईनं दोनदा विचारलं होतं, तिथं फुलांना हात लावलेला चालतो का. आणि राकेश म्हणाला होता, अजिबात नाही.