चार इंच दुमड

मावशीच्या बहिणीची तिन्ही मुलं पोरकी झाली, तेव्हा घर निवडायचा अधिकार त्यांनाच द्यावा असं सगळ्या नातेवाइकांनी मोठ्या मनाने ठरवलं. मनं मोठी होतीच, घरं त्या मानाने लहान निघाली. शेवटी रिंगणात दोनच उरली: मुलांच्या काकांचं आणि मावशीचं. नाताळच्या सुट्टीत आधी काकांकडे आठवडाभर राहायचं, मग मावशीकडे, आणि मग काय ते सांगायचं.

मावशी शाळेचे गणवेश शिवायची. दीड खोली, त्यातली अर्धी शिलाई मशीनने अडवलेली. काकांकडे गच्ची होती, कुत्रा होता, छताला टेकणारं नाताळचं झाड होतं. मावशीला मुलं मनापासून हवी होती. पण तसं बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने कपडे शिवायला घेतले.

नाताळच्या सकाळी तिघं नवे कपडे घालून समोर उभी राहिली आणि मावशीने कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं गणवेश शिवून हाताला वळणच पडलेलं. सणाच्या कपड्यांनाही तिने चार-चार इंच दुमड ठेवली होती. बाह्या आत मुडपलेल्या, कंबरेला चुण्या. काकूंनी आणलेले कपडे कसे मापात बसले होते. ही तिघं उशीचे अभ्रे घातल्यासारखी दिसत होती.

"काढा, उसवून जास्तीचं कापड कापून देते," मावशी म्हणाली. "तासाभराचं काम."

"थांब गं मावशी," थोरली म्हणाली. ती अकरा वर्षांची होती आणि चौकशी केल्याशिवाय पाणीही पीत नसे. तिने झग्याची कड उलटी करून पाहिली. "एवढं कापड आत कशाला?"

"उंची वाढली की सोडायला."

"कधी वाढली की?"

"दरवर्षी थोडं थोडं सोडायचं. तुझं तीन वर्षं जाईल. धाकट्याचं दोन."

"आणि ते सोडणार कोण?"

"मीच की!" मावशी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. निवड अजून व्हायची होती. "म्हणजे... तुमचं तुम्ही ठरवा."

थोरलीने भावांकडे पाहिलं. मधल्याने खांदे उडवले. धाकटा बाहीत स्वतःचा हात शोधत होता.

"उसवू नकोस," ती म्हणाली. "काकांना फोन लाव. कुत्र्याचं मी या दोघांना समजावते."

मावशीला भरून आलं. काकांचा नंबर तिला तीनदा लावावा लागला.