झ्यूसचा लाडका

दामोन वीज पडून मेला, आणि मेल्यावर त्याच्या वाट्याला त्याहून वाईट गोष्ट आली. तो पवित्र झाला.

फिलिन्ना त्याची थोरली बहीण. जन्मभर तिने त्याची बडबड ऐकली होती. किनाऱ्यावरच्या शहरात कुणा विद्वानाकडे चार महिने राहून तो शिकून आला होता, की वीज म्हणजे झ्यूसने फेकलेलं अस्त्र नव्हे. ढगात कोंडलेला वारा ढग फाडून बाहेर पडतो, तोच चमकतो. हे गावाला दाखवून द्यायला तो भर वादळात टेकडीवर चढला. हातात काशाची लांब सळई, टोकाला लोकरीचा झुपका. आधी वारा लागतो की आधी चमक दिसते, ते त्याला बघायचं होतं. वादळात टेकडीवर धातूची सळई धरणारा विजेला घरी जेवायलाच बोलावतो, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. दामोनला अर्धंच कळलं होतं, आणि गावाला तेवढंही नाही.

पुजारी अर्खिप्पोस धावत आला. कालपर्यंत हाच त्याला पाखंडी म्हणून देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हता. आता म्हणाला, याला झ्यूसने स्वतः स्पर्श केलाय. रिवाज ठरलेला होता. वीज पडली ती जागा देवाची. भोवती दगडांचं कुंपण घालायचं, आत कुणी पाऊल टाकायचं नाही. प्रेतही पडलं तिथेच राहायचं, न पुरता. देवाने निवडलेलं शरीर सडत नाही, हे तर तो असं नाकाने कांदे सोलत सांगत होता, की जणू झ्यूस रोज त्याच्याकडे गप्पा मारायला येतो.

फिलिन्नाला भावाला आईशेजारी पुरायचं होतं. आईला शेवटच्या घटकेला दामोनने तसा शब्द दिला होता.

"पुजारीबाबा, जन्मभर तो तुमच्या झ्यूसला हसला. त्याला कशाला ठेवून घेता?"

"देवाच्या मनातलं आपल्याला कुठून कळणार, बाई?"

ती पुढे भांडली नाही. परवापर्यंत दामोन दिसला की बाजूला थुंकणाऱ्या बायका आता मधाच्या पोळ्या घेऊन कुंपणाशी येत होत्या. दिवस कडक उन्हाळ्याचे होते. तीन दिवसांत उन्हात काय होतं, ते शेळ्या पाळणाऱ्या बाईला सांगायला विद्वान लागत नाही.

तिसऱ्या दिवशी नव्या पवित्र जागेची पूजा होती. मयताची बहीण म्हणून लोकांना बसवण्याचा मान फिलिन्नाचा. तिने सगळ्या गावाला कुंपणाला खेटून, अंगावर वारा येईल असं बसवलं.

अर्खिप्पोसने स्तोत्र सुरू केलं. दुसऱ्या ओळीला बायकांनी वस्त्राचं टोक नाकाला लावलं. चौथ्या ओळीला एक म्हातारा झुडपामागे ओकायला गेला. पुजारी गातच राहिला, पण श्वास घेतल्यावाचून गाता येत नाही.

"कसला वास हो, बाबा?" फिलिन्नाने सगळ्यांदेखत विचारलं. "सडत नाही ना तो?"

अर्खिप्पोसने स्तोत्र थांबवलं. मग त्याने एका दमात जाहीर केलं, की झ्यूसने याला निवडलं नव्हतं, शिक्षा केली होती.

"पाप्याचा देह आहे हा. घेऊन जा इथून."

"नेते," ती म्हणाली.

ज्यांनी कुंपण रचलं त्यांनीच दगड बाजूला केले. पोळ्या पुजाऱ्याने घरी नेल्या. दुपारी दामोन आईशेजारी पुरला गेला. परतताना फिलिन्ना रडता रडता हसली. जन्मभर घसा फोडून त्याला या गावाला एकही गोष्ट पटवता आली नव्हती. तीन दिवस गप्प पडून राहिला, आणि एक पटवली: वीज पडलेला माणूसही सडतो.