अखंड कात

घटस्फोट घेताना आईबाबांनी सगळं शांतपणे वाटून घेतलं. गाडी बाबांना, शिवणयंत्र आईला, भांडी निम्मी निम्मी. अडलं ते लिबुशेपाशी. लिबुशे ही आमची सापीण. बोआ जातीची, दीड मीटर लांब, उन्हात धरली की अंगावर पेट्रोल सांडल्यासारखे रंग दिसायचे. वकीलबाईंनी तिला ‘इतर सामान’ या सदरात घातलं, तेव्हा दोघंही एकदम उठून उभे राहिले. त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

मग प्रकरण मंडळाकडे गेलं. ओस्त्रावा शहरातल्या साप पाळणाऱ्यांचं मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका बिअरच्या गुत्त्यात, वरच्या मजल्यावर भरतं. अध्यक्ष हुडेचेक, निवृत्त पोस्टमास्तर. या मंडळात माणसाची किंमत कातीवरून ठरते. साप काय, कुणीही पाळतो. त्याची कात नाकापासून शेपटीपर्यंत लांब मोज्यासारखी एकसंध निघाली पाहिजे, आणि तिच्यात दोन टिकल्या पाहिजेत. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक काचेसारखी टिकली असते, आणि जुनी टिकली कातीबरोबर निघून येते. हुडेचेक कात खिडकीशी धरून टिकल्या मोजतात. एक जरी कमी भरली तर त्या मालकाशी पुढचे सहा महिने फक्त हवापाण्याबद्दल बोलतात.

त्यांनी निकाल दिला तो असा. लिबुशेची एक कात आईकडे निघेल, पुढची बाबांकडे. ज्याच्याकडे फाटेल किंवा टिकली कमी भरेल त्याने सापावरचा हक्क सोडायचा. दोन्ही अखंड निघाल्या तर लिबुशे जिथे असेल तिथे, म्हणजे बाबांकडे, राहील.

आई तेव्हा नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायची आणि तलावाच्या मागेच तळमजल्यावर राहायची. भिंतींना हिरवी बुरशी, आईला बारा महिने खोकला. लिबुशेची कात मात्र अशी उतरली की हुडेचेकनी टोपी काढली. आईने ती केकच्या खोक्यात ठेवली.

बाबांची पाळी आली जानेवारीत. सहावा मजला, बाहेर उणे बारा, आत खिडकीखाली लोखंडी हीटर, आणि तो बंद करायचं चाक आधीच्या भाडेकरूने मोडून ठेवलेलं. सकाळी कापलेला पाव दुपारपर्यंत कौलासारखा वाजायचा. लिबुशेचे डोळे दुधी झाले, मग निवळले, म्हणजे आता कात निघायला हवी. त्या कोरड्या हवेत ती निघेना. अंगावर सुरकुत्या पडल्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्यासारखी दिसायला लागली.

“मंडळाच्या पत्रकात दमटपणावर मी चार लेख लिहिलेत,” बाबा म्हणाले. “चार. तिने किती लिहिलेत?”

“तिने अकरा वर्षं ओले कपडे घरात वाळत घातले, बाबा.”

“तो योगायोग.”

तरी त्यांनी सगळ्यांत मोठं पातेलं शेगडीवर चढवलं. नुसतं पाणी उकळणं त्यांना वाया घालवल्यासारखं वाटलं, म्हणून त्यात कणकेचे गोळे सोडले. नऊ दिवस घरात गोळे उकडत होते. लिबुशे गोळे खात नाही, म्हणून ते आम्ही खाल्ले. आठव्या दिवशी बैठकीतल्या वॉलपेपरने कात टाकली, छतापासून फरशीपर्यंत, एकसंध. लिबुशेने नाही.

दहाव्या दिवशी, शनिवारी, बाबांनी तिला कोमट पाण्याच्या टबात तासभर बसवलं आणि ओल्या टॉवेलातून हळूहळू ओढून काढलं. कात आली! पूर्ण आली. बाबांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली आणि वाकून बघितली. उजव्या डोळ्याची टिकली होती. डाव्याच्या जागी चुरगळलेलं भोक.

“डोळ्यावर राहिलीय,” ते म्हणाले. “बघ, कसा मंद दिसतोय.”

मला तो उजव्यासारखाच दिसत होता. तसं मी म्हणाले. मग मी त्यांचं पत्रक काढून मोठ्याने वाचलं, “‘राहिलेली टिकली कधीही ओढू नये. पुढच्या कातीची वाट पाहावी. ओढणारा माणूस साप पाळायच्या लायकीचा नाही.’ तुमचाच लेख आहे.”

“ते लोकांसाठी लिहिलंय.”

“पुढची कात सहा आठवड्यांनी येईलच की.”

“आणि मंडळ उद्या आहे. सहा आठवड्यांनी ती तुझ्या आईच्या बुरशीत बसलेली असेल. धर तिला.”

मी धरलं. डोक्यामागे दोन बोटं, बाकीचं अंग माझ्या कोपराभोवती. चिकटपट्टीने दोनदा काही झालं नाही. मग बाबांनी चिमटा आणला, त्यांच्या टपाल तिकिटांच्या संग्रहातला. लिबुशेने माझा हात असा आवळला की बोटं जांभळी पडली. सापाला ओरडता येत नाही. घरात पाळायला ही मोठीच सोय आहे, असं बाबांच्या तिसऱ्या लेखात आहे.

“आली!” बाबा म्हणाले.

चिमट्याच्या टोकावर टिकली होती. ओली, जरा जाड.

“हिला ओल आहे बाबा.”

“टबात होती ना.”

त्यांनी ती अंड्याच्या पांढऱ्याने कातीच्या भोकात बसवली आणि वर हलकी फुंकर घातली. इतक्या मायेने त्यांना काही करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

रविवारी दुपारी आई आधीच येऊन बसली होती, समोर बिअर आणि केकचं खोकं.

“आलास?” ती म्हणाली. “मला वाटलं, वॉलपेपरच गुंडाळून आणशील.” वॉलपेपरचं तिला मीच सांगितलं होतं.

“तू खोकत बस,” बाबा म्हणाले.

हुडेचेकनी आधी कापडी पिशवी उघडून साप पाहिला. नियम तसा आहे. “डावा डोळा दुधी दिसतोय.”

“पुढची कात येतेय,” बाबा म्हणाले.

“कालच टाकली ना? आणि एकाच डोळ्यात?”

“ती डावीकडून सुरू करते.”

हुडेचेकनी यावर बराच विचार केला. मग कात खिडकीशी धरली, नाकापासून शेपटीपर्यंत पट्टी लावली. “अखंड. उजवी टिकली आहे. डावी आहे.” आईने ग्लास खाली ठेवला. हुडेचेक मात्र नाकापाशी अडकले. तिथे कातीची एक घडी आत वळलेली होती. त्यांनी बिअरमध्ये बोट बुडवून ती ओली केली आणि काडेपेटीतल्या काडीने उलगडली.

घडीतून टिकली निघाली. कोरडी, पातळ, वाळक्या पानासारखी.

“तीन,” हुडेचेक म्हणाले.

खाली गुत्त्याचा मालक कुणावर तरी खेकसत होता. हुडेचेकनी तिन्ही टिकल्यांवर भिंग धरलं आणि डावीकडच्या जाड टिकलीवर ते बराच वेळ थांबले. मग पिशवीचं तोंड पुन्हा उघडून आत बघितलं, आणि बंद केलं. मघाशी दुधी दिसलेल्या डाव्या डोळ्याचा आता खचून खड्डा झाला होता.

“ही कातीची नाही, व्रातिस्लाव,” ते बाबांना म्हणाले. “ही जिवंत डोळ्यावरची आहे.”

“नियम वाचा,” बाबा म्हणाले.

हुडेचेकनी नियम वाचले. दोनदा वाचले. ते आयुष्यभर पोस्टात होते. छापलेल्याच्या पलीकडे त्यांचा हात जात नाही. “टिकल्या कमी असतील तर कात बाद,” ते शेवटी म्हणाले. “जास्त असतील तर काय, ते लिहिलेलं नाही. घडीतली धरली तर या कातीच्या तिच्या स्वतःच्या दोन भरतात. कात अखंड. साप तुझाच.”

बाबांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं सुबक होतं.

आईने पिशवीवर हात ठेवला. आत काहीतरी हळूच गुंडाळलं गेलं. “मला दे,” ती म्हणाली. “हरलो असं लिही. डॉक्टरकडे मी नेते, निदान दुखायचं तरी थांबेल.”

“निकाल लागलाय, द्राहोमीरा.”

“हे एका माणसाचं काम नाही,” आई म्हणाली. “तिचं डोकं कुणी धरलं होतं?”

बाबांनी पिशवी खांद्याला लावली आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली. “हिने,” ते म्हणाले. “फार छान धरलं. जराही हलू दिलं नाही.”