छपराविना पॅन

सुधारणा म्हणजे काय, हे मला अडुसष्टाव्या वर्षी शर्विनने शिकवलं. शिकलेला इंजिनिअर. त्याने आमच्या बँडसाठी नवे स्टीलपॅन, म्हणजे तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून केलेली सुरांची वाद्यं, घडवले: पिंप मोठं, पत्रा जाड, वर चकचकीत क्रोम. आवाज खणखणीत होता, खोटं कशाला बोलू! सूरही त्यानेच मशीन लावून जुळवले. चाळीस वर्षं हातोडीने सूर लावणाऱ्या मला बँडची कप्तान ग्लेंडा म्हणाली, "ऑटलीकाका, आता आराम करा."

आराम! म्हणजे घरी बसून मरा.

पॅन ज्यावर ठेवून ढकलत नेतो, त्या गाड्यांवरची पत्र्याची छपरंही काढली. का, तर परीक्षकांना क्रोम दिसलं पाहिजे.

"अरे, आणि ऊन?" मी विचारलं.

"काका, हे तुमच्या वेळचे पॅन नाहीत," शर्विन हसला.

मी मुकाट्याने छपरं घरी नेली. कोंबड्यांची सोय झाली.

पॅनोरमा या पॅनबँडांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, रविवारी भर दुपारी. सव्हाना मैदानाबाहेर आमचे गाडे तासभर रांगेत उभे. मी आपला मक्याचं सूप प्यायला गेलो होतो. हातोडी खिशात होती ती सवयीने. ग्लेंडाने पॅन वाजवून पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. पत्रा तापला की सूर उतरतो, आणि इथे तर प्रत्येक पॅन आपल्या मर्जीने उतरला होता.

शर्विन धावत आला. "काका, हातोडी मारा ना! फायनल हातची जातेय!"

जाऊ दे गेली तर, असं मनात आलं. खरंच आलं. चाटा म्हणावं ते क्रोम. पण ग्लेंडाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिच्या हातात पॅन वाजवायची पहिली काठी मी दिली होती.

"तापल्या पॅनवर हातोडी? गार झाले की बोंबलतील सगळे!" मी ओरडलो. "तो फलक आणा आधी!"

'नव्या युगाचा पॅन, रचनाकार शर्विन' असा तीस फुटी कापडी फलक बँडमधल्या पोरींनी सावलीसाठी पुढच्या रांगेतल्या पॅनवर ताणून धरला. आमच्या आधी अजून दोन बँड होते. तेवढ्यात पॅन निवले, बरेचसे सूर जागेवर आले. फायनलमध्ये एका गुणाने शिरलो.

सोमवारच्या सभेत शर्विनने नवी सुधारणा जाहीर केली: गाड्यांना छप्पर. टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, का नाही?

संध्याकाळी ग्लेंडा माझ्या अंगणात उभी. "काका, ती छपरं हवी होती. आणि चार पॅन अजून बेसूर आहेत. मशीनला काही कळेना झालंय."

"छपरं कोंबड्यांकडे माग," मी म्हणालो, आणि हातोडी घेऊन तिच्याआधी फाटकाबाहेर पडलो.