दोन दरवाजांमधला पेपर

आमचे हे तुरुंगातून सुटावेत म्हणून चार वर्षं मी दुवा मागितली, आणि सुटून महिना झाला नाही तोच ह्यांना आत घ्या म्हणून हात जोडायची पाळी आली.

झालं असं. चाकण रोडवरच्या गॅरेजात मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, ह्यांना शिक्षा लागली. तुरुंगात श्रीपादसर दर रविवारी शिकवायला यायचे. मॅट्रिक झालेला माझा मेकॅनिक नवरा त्यांच्या नादानं बी.ए.ला बसला. पण चांगल्या वागणुकीची सूट मिळून परीक्षेआधीच सुटका झाली, आणि परीक्षेचं केंद्र तर तुरुंगच. ते काही बदलून मिळेना. वर्ष वाया जाणार म्हणून ह्यांना घास गोड लागेना. सुटल्यावर इतका दुःखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तरी पहिल्या पेपरला पिंपरीहून सकाळच्या बसनं आम्ही तुरुंगाच्या दारात हजर.

"बरकत, परत काय केलंस?" किसन शिपायानं विचारलं.

"काही नाही. अर्थशास्त्राचा पेपर आहे."

"गुन्हा केल्याबिगर आमी कुणाला आत घेत न्हाई."

माझं डोकं फिरलं. "मग आत्ता करते की," म्हणत मी जेवणाचा डबाच उगारला. किसन दोन पावलं मागं सरला.

गलका ऐकून श्रीपादसर आले, पाठोपाठ जेलरसाहेब. साहेब म्हणाले, "आत घेतला तर माझी नोकरी जाईल, बाहेर बसवला तर ह्याची परीक्षा."

तुरुंगाला दोन दरवाजे, एक बाहेरचा, एक आतला. मध्ये खोलीएवढी देवडी. सरांनी विचारलं, "ही जागा तुरुंगात धरतात ना?"

"धरतात," साहेब म्हणाले. "पण इथं कैदी मोजत नाहीत." आणि स्वतःच हसायला लागले.

देवडीत टेबल मांडलं. कुणी आलं-गेलं की कड्या वाजायच्या, आतले कैदी डोकावून "बरकतभाई, लिव्हा लिव्हा" म्हणायचे. ह्यांनी मान वर केली नाही. मी बाहेर पायरीवर बसून होते. 

घंटा झाली. हे शाईनं माखलेली बोटं घेऊन बाहेर आले. "सगळे प्रश्न सोडवले," म्हणाले, आणि मला सगळ्यांदेखत रडू फुटलं.

किसननं कुलूप लावता लावता बजावलं, "उद्या टायमात या. उशीर केला तर आत घेणार न्हाई."

"नाही करणार, साहेब," माझा नवरा घाबरून म्हणाला. मी इतकी हसले की आमची बस समोरून निघून गेली.