कडेच्या पेशी

घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं, गडद जांभळं, अजून तुकडे न पडलेलं केंद्रक… शेजारी आणखी एक, त्याच्यापलीकडे दोन – नीरजाचा डोळा मायक्रोस्कोपला चिकटला तो चिकटलाच. कोवळ्या पांढऱ्या पेशी! हाडांतल्या मज्जेतून पुरतं वाढायचीही वाट न बघता धावत सुटलेल्या. काल बाबांच्या रक्तात पांढऱ्या पेशीच इतक्या कमी होत्या की डॉक्टर रिपोर्टकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणाले होते, आणि छातीत न्यूमोनिया घेऊन पडलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी त्या ‘हं’चा अर्थ काय, हे वीस वर्षं स्लाइडी बघणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

“जयेश भिया, इकडे या ना! फौज आली बघा!”

शेजारच्या टेबलावरून जयेश उठून आला, भिंगात डोकावला. “अरे वा नीरजाजी, बाबूजी तर एकदम फॉर्मात! मशीनपण वाढलेलंच सांगतंय. लिहून टाका ना, टेन्शन कशाला?”

मशीनने आकड्यापुढे शंकेची खूण केली होती, म्हणून तर डोळ्यांनी मोजायचं. पण लिहावंसं वाटत होतं… स्नेहलतागंजातल्या या लॅबमधून आत्ता उठून धावत वॉर्डात जावं आणि सांगावं. सकाळी बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला होता. “नीरू, खरं काय ते सांग हं. झूठमूठ दिलासा नको.” मग खोकला, वाटीत पिवळा बेडका – आणि तिला किळस न येता भलतीच माया दाटून आली होती, जंतू गिळून मेलेल्या त्याच तर पेशी, माझ्या बाबांच्या.

तिचं लक्ष स्लाइडकडे गेलं आणि ती थबकली. भिंग रक्ताच्या थराच्या अगदी कडेवर होतं. थर पसरताना मोठ्या पेशी कडेला लोटल्या जातात, तिथे मोजलं तर कंगालही श्रीमंत दिसतो – यावरून नव्या मुलींना ती किती फाडफाड बोलायची! आणि आज तिचाच हात, तिला न विचारता, गर्दी होती तिथे जाऊन बसला होता. कान तापले तिचे. कुणी पाहिलं नव्हतं. बाबांना तर कधीच कळलं नसतं.

तिने पेशी मोजायचा काउंटर शून्यावर आणला, स्लाइड मधोमध सरकवली. पहिलं फील्ड, भिंगात एका वेळी दिसणारं ते गोल वर्तुळ, रिकामं. दुसरं रिकामं… तिसऱ्यात एक – नालेसारखीच, कोवळी! पाचव्यात दोन. कडेला होत्या तितक्या नाहीत, पण आहेत, बाबा, आहेत! मज्जा जोरात लढतेय की शेवटचं खरवडून पाठवतेय, ते मला अजून माहीत नाही. हेही तुम्हाला तस्संच सांगीन. भीती होती तिथेच होती, पण तिच्या अंगात आता असा काही जोर चढला होता की रिकाम्या फील्डसमोरही डोळा मिटेना. काय असेल ते दिसू दे, सगळं दिसू दे, लवकर – आणि तिने पुढचं फील्ड भिंगाखाली ओढलं.